पवनचक्की, सासूबाईंची झोप आणि वडावरची वटवाघळं

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, थोडं छाटून देतेय:

"आमचं घर सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराच्या, अगदी कडेला. माझे धाकटे दीर बोटीवरची नोकरी सोडून परत आले आणि आता जुन्या घराच्या अर्ध्या भागात होमस्टे चालवतात. पावसात लाईट सारखी जाते, बिलही भरमसाट येतं, म्हणून त्यांनी घरामागे सड्याच्या कडेवर 5 किलोवॅटची पवनचक्की बसवायचं ठरवलंय. विकणारा येऊन जागा बघूनही गेला. ती जागा सासूबाईंच्या खिडकीपासून साधारण 40 मीटरवर आहे, आणि लागूनच मोठा वड आहे ज्यावर ढीगभर वटवाघळं लटकतात. सासूबाई 78 वर्षांच्या, त्यांना कोणीतरी सांगितलंय की पवनचक्कीच्या आवाजाने डोकं फिरतं, हार्टचा त्रास होतो. माझा मुलगा कॉलेजला आहे, पक्षी बघायचं वेड आहे त्याला, तो काकाला तोंडावर खुनी म्हणाला. दीर म्हणतात तुम्ही प्रगतीच्या आड येणारे लोक, कोळशाची वीज चालते का मग तुम्हाला? दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मिस्टर मस्कतला असतात, ते म्हणतात तुम्हीच काय ते ठरवा. चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळे एकत्र येणार. यात खरं काय, आणि मी कुणाला काय सांगू?"

ताई, आधी माझं मत सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. ही पवनचक्की त्या जागी बसवू देऊ नका. पवनऊर्जेला माझा अजिबात विरोध नाही, कोळसा जाळण्यापेक्षा वाऱ्यावर वीज काढणं शंभर पटीने बरं असंच मी मानते, आणि तुमच्या दिरांना स्वतःची वीज स्वतः करावीशी वाटते याचं मला कौतुकच आहे. पण पवनचक्कीचा आवाज असो की तिच्यामुळे होणारं पाखरांचं नुकसान, जवळजवळ सगळं ती कुठे उभी केली यावर ठरतं, आणि तुम्ही लिहिलेली जागा दोन्ही बाजूंनी चुकीची आहे.

आता सासूबाईंची भीती. पवनचक्कीतून कानाला ऐकू न येणारा खूप खालच्या पट्टीतला आवाज निघतो आणि त्याने माणूस आजारी पडतो, हे जगभर फिरणारं बोलणं आहे आणि ते तपासलंही गेलंय. ऑस्ट्रेलियात आवाजाला संवेदनशील असलेल्या 37 माणसांना झोपेच्या प्रयोगशाळेत सलग 72 तास तसला आवाज दिला, त्यांना न सांगता, आणि झोप, हृदय, मेंदू कशावरच परिणाम दिसला नाही, 2023 साली ते छापून आलं. कॅनडाच्या आरोग्य खात्याने त्याआधी पवनचक्क्यांजवळच्या 1238 घरांत सर्व्हे केला होता, त्यातही आजार आणि पवनचक्कीचा आवाज यांचा संबंध सापडला नाही. तेव्हा हार्टचं वगैरे सासूबाईंना नक्की सांगा की तसं काही होत नाही, उगाच धसका घेऊ नका. डोकं फिरतं म्हणून जे सांगितलं जातं त्याचंही तसंच.

पण त्याच कॅनडाच्या सर्व्हेत दुसरी गोष्ट स्पष्ट दिसली, ती म्हणजे आवाज जितका जास्त तितके लोक जास्त वैतागलेले. हा वैताग खोटा नसतो. पवनचक्कीचा आवाज पंख्यासारखा एकसुरी नसतो, तो वरखाली होत राहतो, पातं खाली येताना हूश, मग कमी, मग परत हूश, आणि असा हलता आवाज कान सोडून देत नाही, त्याच्यामागे लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपासाठी जी आवाजाची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात पवनचक्कीसाठी वेगळी मर्यादा सुचवली, दिवस-संध्याकाळ-रात्र धरून 45 डेसिबलच्या खाली, पुरावा फार भक्कम नाही हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं.

आणि हे सगळे अभ्यास मोठ्या पवनचक्क्यांचे आहेत, ज्या घरापासून शेकडो मीटर लांब असतात. आपल्याकडे केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या प्रकल्पांसाठी घरापासून 500 मीटर अंतर सांगितलं होतं, कारण आवाजच. तुमची मशीन त्यामानाने चिमुकली, पण छोट्या मशीनचा स्वभाव वेगळा असतो. मोठीचं पातं मिनिटाला दहा-पंधरा फेऱ्या घेतं, छोटीचं कितीतरी जास्त वेगाने फिरतं, त्यामुळे तिचा आवाज हूश हूश नसून चिरका, शिट्टीसारखा होऊ शकतो, आणि वारा अचानक वाढला की ती स्वतःला वाचवायला तोंड फिरवते तेव्हा फडफड होते ती वेगळीच. जूनमधल्या वाऱ्याला रात्री दोन वाजता 40 मीटरवर ही फडफड चालू झाली तर 78 वर्षांचं माणूस उठून बसणारच, त्याला मनाचे खेळ म्हणू नका कोणी.

आवाजाचा हिशेब विकणाऱ्याच्या तोंडी ऐकू नका, त्याच्याकडून लेखी मागा. समजा त्याने दाखवलं की 20 मीटरवर 50 डेसिबल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबल कमी होतात, म्हणजे 40 मीटरवर 44, 80 वर 38, 160 वर 32. कायद्यात राहत्या भागात रात्री 10 ते सकाळी 6 ची मर्यादा 45 आहे, किनाऱ्यावरच्या पार्ट्यांच्या वादामुळे हा आकडा गोव्यात आता सगळ्यांना पाठ आहे. त्या हिशेबाने दीर म्हणतील की बघा 44, कायद्यात बसतं. पण सड्याच्या कडेला रस्ता नाही, ट्रॅफिक नाही, हिवाळ्यातल्या रात्री तिथे 30 च्या आसपासची शांतता असू शकते, आणि तेवढ्या शांततेत 44 म्हणजे कानाला दुपटीहून जास्त. म्हणून ब्रिटनमध्ये पवनचक्कीचा आवाज मूळच्या शांततेच्या तुलनेत मोजतात, तिच्यापेक्षा साधारण 5 डेसिबल वर, त्याहून जास्त नको, अगदी शांत जागांसाठी एक किमान आकडा धरून. मला ही पद्धत जास्त माणुसकीची वाटते. तुम्ही एवढं करा, रात्री अकराला सासूबाईंच्या खिडकीत मोबाईल ठेवून आवाज मोजायच्या अ‍ॅपवर आकडा बघा, पाऊस नसताना आणि बेडूक थांबलेले असताना. मोबाईल काही अचूक यंत्र नाही पण अंदाज येतो, आणि घरात बोलायला हातात काहीतरी असतं.

आता तुमच्या मुलाचं. तो बोलला ते चुकीच्या शब्दांत बोलला, पण त्याची काळजी खरी आहे.

दीर कदाचित म्हणतील की मांजरं आणि काचेच्या इमारती पवनचक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त पाखरं मारतात. खरंच आहे ते, अमेरिकेतल्या अंदाजांत मांजरांचा आकडा अब्जांत जातो आणि पवनचक्क्यांचा लाखांत. पण मांजर चिमणी-बुलबुल धरतं, समुद्र गरुड धरत नाही. पवनचक्कीत सापडतात त्यात शिकारी पक्षी आणि वटवाघळं असतात, आणि यांची पिल्लं फार कमी, फार सावकाश, त्यामुळे थोडी गेली तरी भरून निघायला वर्षं लागतात. कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट खिंडीत सोनेरी गरुडांचं हेच झालं, तिथली जागाच गरुडांच्या शिकारीची होती. नॉर्वेत स्मोला बेटावर आपल्या समुद्र गरुडाचे भाऊबंद मरत होते, तिथे चार पवनचक्क्यांचं एकेक पातं काळं रंगवून बघितलं तर पक्षी मरायचं प्रमाण सत्तरएक टक्क्यांनी उतरलं. अभ्यास छोटा होता, पण तुमच्या मुलाला हे सांगा, त्याला आवडेल.

आपल्या जवळचं उदाहरण साताऱ्याचं आहे आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते सड्याचंच आहे. चाळकेवाडीचं पठार, सह्याद्रीतलं, जांभ्या दगडाचं, तिथे बरीच वर्षं पवनचक्क्या फिरतायत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पवनचक्क्या असलेला आणि नसलेला भाग शेजारी शेजारी ठेवून तपासला, 2018 मध्ये छापलं. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चारपटीने कमी. आणि ते कमी झाले म्हणून जमिनीवरचे सरडे वाढले, तेच ते गळ्याला रंगीत पंखा असलेले. वाढले तर वाढलेच पण बदलले पण, माणूस किती जवळ आला की पळायचं ते अंतर कमी झालं, अंगातलं ताणाचं हॉर्मोन कमी झालं, नरांच्या गळ्याचा रंग फिका पडला. म्हणजे पात्याला धडकून किती पक्षी मेले एवढं मोजून भागत नाही, गरुड-शिक्रे ती जागा नुसती टाळायला लागले तरी खाली पार सरड्यापर्यंत सगळं हलतं. सड्याला लोक ओसाड म्हणतात, पडीक म्हणतात, त्यामुळे तिथे काय पण ठेवा चालतं असं सगळ्यांना वाटतं, आणि पेडण्यात तर हे किती झालंय ते तुम्हाला मी सांगायला नको. टिटवी तिथे उघड्या दगडावर अंडी घालते, रातवा तिथेच बसतो, चंडोल तिथेच गातो, पावसात फुलांचा गालिचा होतो तो वेगळाच. एका 5 किलोवॅटच्या मशीनने चाळकेवाडी होणार नाही हे खरं, तेवढं मुलालाही सांगायला हवं. पण एका होमस्टेवाल्याचं बघून दुसरा बसवतो, मग तिसरा.

वटवाघळांची गोष्ट मात्र एका मशीनलाही लागू होते, कारण ती तुमच्या वडावर राहतात आणि संध्याकाळी सगळी एकदम तिथूनच उडतात. ही फळं खाणारी मोठी वटवाघळं आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढत नाहीत, डोळ्यांनी बघून उडतात. अंधारात फिरणारं पातं कितपत दिसेल त्यांना? मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. आपल्याकडे बराच काळ यांना कायद्यात उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकलेलं होतं, 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच गेली आणि आता त्यांना संरक्षण आहे, जे फार आधी मिळायला हवं होतं कारण रानातली कितीतरी झाडं यांनीच बी टाकून लावलेली आहेत. परदेशात पवनचक्क्यांखाली जी वटवाघळं हजारोंनी मेलेली सापडली ती बहुतेक किडे खाणारी, लहान जातीची. तिथे एक उपाय लागू पडला, कमी वाऱ्याच्या रात्री पाती फिरूच द्यायची नाहीत, वारा सेकंदाला 5 मीटरच्या वर गेला की मगच सोडायची, तेवढ्याने मरायचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं आणि वीज अगदी नगण्य कमी झाली. आपल्या मोठ्या वटवाघळांना मात्र उघड्या वीजताराही मारतात, पंख दोन तारांना लागले की संपलं, तुम्हीही रस्त्यावर लटकलेली बघितली असतील. म्हणून पवनचक्की येवो न येवो, त्या वडाजवळून उघडी तार न्यायची नाही हे आजच ठरवून टाका.

दिरांना पटेल अशी गोष्ट मात्र यातली कुठलीच नाही, ती आहे वाऱ्याची. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठवा हिस्सा होते. 5 किलोवॅट हा आकडा सेकंदाला साधारण 11 मीटर वाऱ्याचा असतो, 5-6 मीटरला त्याच मशीनमधून सहाशेएक वॉट निघतील, आणि 3 च्या खाली ती हलणारच नाही. गोव्यात दमदार वारा असतो जून ते ऑगस्ट. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत सकाळी थोडा गार वारा, दुपारी समुद्रावरचा, रात्री बहुतेक पान हलत नाही. आणि होमस्टेला गिऱ्हाईक कधी असतं? नाताळात, म्हणजे जेव्हा एसी चालणार तेव्हा मशीन उभी, आणि पाहुणे नसताना जुलैत गरगर फिरणार. देवगडला पवनचक्क्या बघायला लोक गर्दी करतात त्यामुळे आपल्या कोकणपट्टीत कुठेही चालेल असं वाटतं, पण सड्याच्या कडेवर वारा खालून आदळून घुसळतो, त्यात वड, काजू, माड, त्यामुळे तो सरळ येत नाही, आणि घुसळलेल्या वाऱ्यात मशीन आवाज जास्त करते, वीज कमी देते आणि लवकर मोडते. नियम असा सांगतात की 150 मीटरच्या आतल्या सगळ्यात उंच गोष्टीपेक्षा पात्याचं खालचं टोक 10 मीटर वर हवं. तुमच्या वडाच्या वर 10 मीटर म्हणजे केवढा टॉवर झाला बघा! वर ऑक्टोबरच्या गडगडाटात सड्यावर सगळ्यात उंच लोखंड तेच असणार. शिवाय मोपा विमानतळ जवळ, उंच बांधकामाला त्यांच्या उंचीच्या नकाशाप्रमाणे परवानगी लागू शकते, पंचायतीत तर विचारावंच लागेल. मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांनासुद्धा आपल्याकडे पर्यावरण परिणाम तपासणी लागत नाही, प्रदूषण मंडळांच्या वर्गवारीत ते सगळ्यात निर्धोक म्हणजे पांढऱ्या गटात मोडतात, त्यामुळे तिकडून कोणी येऊन वडाबद्दल विचारेल अशी वाट बघू नका, विचारायचं ते घरातूनच.

मग करायचं काय? लाईट जाते त्याला उत्तर बॅटरी आहे, पवनचक्कीही नव्हे आणि सोलरही नव्हे. ग्रिडला म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेल्या सोलरचा बॅटरी नसलेला साधा इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःही बंद होतो, हे विकणारे आधी सांगत नाहीत. बिलाला उत्तर छपरावरचं सोलर. 5 किलोवॅटला साधारण 50 चौरस मीटर जागा लागते, कौलांवर अवघड असेल तर होमस्टेच्या स्लॅबवर किंवा गाडीच्या शेडवर होईल. पावसात ते कमी देतं, पण नोव्हेंबर ते मे, म्हणजे तुमच्या सीझनला, भरभरून देतं. घरगुती कनेक्शन असेल तर केंद्राच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट आणि वर 78,000 रुपयांपर्यंत सबसिडी आहे, होमस्टेचं कनेक्शन कमर्शियल असेल तर त्यावर नाही मिळणार, दोन मीटर असतील तर घराच्या मीटरवर बघा. आवाज शून्य, वडाला धक्का नाही.

आता बोलायचं कसं. चवथीपर्यंत थांबू नका, गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधताना हा विषय निघाला तर दहा माणसांसमोर दिरांना माघार घेता येणार नाही. आधीच एकटं गाठा त्यांना, चहा करून द्या, आणि सुरुवात वटवाघळांपासून करू नका. म्हणा, भाऊजी, वीज आपली आपण करायची हे मला पटलंय, पण पैसे टाकायच्या आधी त्या उंचीवर वर्षभर वारा मोजूया का? वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र मिळतं, मशीनच्या मानाने फार स्वस्त. विकणाऱ्याला म्हणावं, आमच्या जागेच्या वाऱ्यावर वर्षाला किती युनिट येतील आणि 20 मीटरवर किती आवाज, हे दोन आकडे सहीनिशी दे. बोटीवर आयुष्य काढलेला माणूस वाऱ्याच्या आकड्यांना नाही म्हणणार नाही असं मला वाटतं.

मुलाने काकाची माफी मागायला हवी, खुनी म्हटल्याबद्दल, पवनचक्कीला विरोध केल्याबद्दल नाही. हा फरक त्याला नीट समजावून सांगा, नाहीतर त्याला वाटेल आई पण फिरली. आणि त्याला काम द्या. संध्याकाळी वडावरून किती वटवाघळं उडतात, कुठल्या दिशेने, किती उंचीवरून, हे त्याने महिनाभर लिहून काढावं, पक्ष्यांची यादी ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर टाकावी, आणि गावच्या जैवविविधता समितीकडे जी लोकांची नोंदवही असते त्यात वडाची नोंद आहे का ते बघावं, नसेल तर करून घ्यावी. पक्ष्यांना कुठे धोका आहे ते दाखवणारा अ‍ॅविस्टेप नावाचा फुकट नकाशा आहे, भारताचाही आहे, काका-पुतण्याने तो एकत्र बसून उघडला तर फारच छान.

सासूबाईंना मात्र कोणीच विचारलं नाहीये, पत्रात तुम्ही सगळ्यांचं म्हणणं लिहिलंत पण त्यांना काय हवंय ते आलं नाही, फक्त त्यांना काय सांगितलं गेलं ते आलं. आजाराची भीती काढा आणि मग सरळ विचारा, तुमच्या खिडकीबाहेर असं काही फिरलं तर चालेल का?

एवढं सगळं करूनही दीर हटून बसले तर अटी घाला. वडापासून आणि खिडकीपासून किमान 150 मीटर लांब, घराच्या दुसऱ्या बाजूला. ताणाच्या तारा लावलेला खांब नको, त्या पाखरांना दिसत नाहीत, स्वतःवर उभा राहणारा टॉवर घ्या. त्यावर रात्रभर दिवा नको, दिव्याला किडे येतात आणि किड्यांमागे लहान वटवाघळं. केबल जमिनीखालून. संध्याकाळी वटवाघळं उडायच्या वेळी आणि कमी वाऱ्याच्या रात्री ब्रेक लावलेला. आणि पहिल्या पावसात सासूबाईंची झोप मोडली तर रात्री 10 ते 6 मशीन बंद, त्यावर चर्चा नाही. हे कागदावर घ्या, सगळ्यांच्या सह्या घ्या, मिस्टरांना मस्कतहून व्हिडिओ कॉलवर बसवा, आणि पहिली सही सासूबाईंची असू द्या.